संप 1933चा, पत्र 1937चं: ‘कृषीवल’च्या जन्माचं प्रकरण

अलिबाग तालुक्यात चरी नावाचं गाव आहे. 27 ऑक्टोबर 1933 रोजी तिथल्या सभेत कुळांनी ठरवलं की खोताची, म्हणजे गावच्या जमीनदाराची, जमीन यापुढे कसायची नाही. 25 गावं त्या संपात उतरली. संप 1939पर्यंत चालला. एवढा लांबलेला शेतकऱ्यांचा संप आपल्याकडे दुसरा सांगता येणार नाही. त्याचे पुढारी नारायण नागू पाटील. या पाटलांनीच 1937 साली लोकवर्गणीतून ‘कृषीवल’ नावाचं पत्र काढलं.

अलिबागला त्याआधी वृत्तपत्र माहीत नव्हतं असं नाही. कुलाबा (आजच्या रायगड) जिल्ह्याचं ते मुख्य ठिकाण, कचेऱ्या तिथे, वकील तिथे, त्यामुळे छापील कागद तिथे होताच. पण आजूबाजूच्या खारेपाटातल्या कुळांपुरतं बोलायचं तर ‘कृषीवल’ हे पहिलंच पत्र. आधीच्या कागदात कूळ आलंच तर बातमीचा विषय म्हणून यायचं, या कागदाचे मालक, वाचक आणि बातमीदार कूळच होते. म्हणून किनाऱ्यावरच्या एका लहान गावातलं पहिलं पत्र कसं उभं राहतं हे समजून घ्यायला मी हेच प्रकरण निवडलं आहे.

या प्रकरणात मला एक गोष्ट कायम खुपत आली. संप 1933चा आणि पत्र 1937चं. चळवळ ऐन भरात असताना, लोक चवताळलेले असताना, सगळा जिल्हा चरीबद्दल बोलत असताना पत्र निघालं नाही. निघालं ते चार वर्षांनी, लोक उपासाने थकलेले असताना. का? या एका ‘का’चा माग काढला की पत्राच्या जन्माबद्दल बरंच काही हाती लागतं, म्हणून पुढचं सगळं त्याच्याभोवती आहे.

खारेपाट

आधी जमीन बघावी लागेल, कारण भांडण जमिनीचं होतं.

अलिबाग आणि पेण यांच्या मधला पट्टा म्हणजे खारेपाट. खाडीच्या पाण्यात बुडणारी जमीन पिढ्यान्‌पिढ्या बांध घालून बाहेर काढलेली. मातीच्या बांधाच्या एका अंगाला भरतीचं पाणी आणि दुसऱ्या अंगाला भात. उधाणात बांधाला खांड गेली की खारं पाणी शेतात शिरतं, आणि एकदा जमिनीने खार धरला की ती लगेच ताळ्यावर येत नाही, पुढच्या हंगामांचं भातही जातं. अशी जमीन टिकवायची म्हणजे वर्षभर अंगमेहनत. ती करायचं कूळ, आणि कागदावर जमीन असायची खोताची किंवा सावकाराची.

खोत मुळात सरकारसाठी गावाचा सारा वसूल करणारा. कोकणात ही वतनं वंशपरंपरा चालत आली, आणि वसुली करणाऱ्याचा मालक कसा झाला याचा इतिहास मोठा आहे, त्यात इथे शिरत नाही. चरीपुरतं एवढं पुरे की कूळ खोताला कबुलायत, म्हणजे लेखी करार, लिहून द्यायचं, पिकाचा मोठा वाटा धान्यात मोजून द्यायचं, वर वेठ वेगळी. आणि आपण ही जमीन किती वर्षं कसतो आहोत याचा सरकारी दप्तरात मागमूस नसायचा. संपाच्या मागण्यांमध्ये माझ्या लेखी सगळ्यात मोठी मागणी हीच: कूळ म्हणून आमची नोंद करा. मोजमाप, व्याज, बांधाच्या दुरुस्तीचा खर्च या गोष्टी होत्याच, पण नोंद ही मुळाशी होती.

नोंदीची मागणी करणाऱ्या चळवळीतून पत्र जन्माला आलं याचं मला अप्रूप वाटतं. आपलं नाव कुठेतरी लिहिलेलं असावं, ही भूक दोन्हीकडे एकच आहे.

बातमी कोण लिहितो

संप सुरू झाल्यावर खोतांच्या जमिनी ओस पडल्या. कुळांनी उपासमार सोसली, रानातली लाकडं तोडून मोळ्या विकल्या, खाडीत मिळेल ते धरलं. ही झाली गावातली गोष्ट. जिल्ह्याच्या ठिकाणी छापून येत होतं ते वेगळं. त्या वेळी जिल्ह्यात जे पत्र चालत होतं त्याचा कल जमीनदारांकडे होता. संपाची बातमी तिथे यायची, पण ती लिहिणाऱ्याच्या डोळ्यांसमोर ओस पडलेलं शेत असायचं, ते ओस का पडलं हे सांगणारा माणूस नसायचा.

यात कुणी मुद्दाम खोटंच लिहिलं असेल असं मानायची गरज नाही. मी दुसऱ्या एका जिल्ह्यात तालुक्याच्या साप्ताहिकात काही वर्षं काम केलं आहे, त्यामुळे हे जवळून पाहिलं आहे. लहान गावातल्या संपादकाला बातमी आणून देतात ती माणसं ठरलेली असतात. वकील, व्यापारी, संस्थेचे चिटणीस, कचेरीतले कारकून. वर्गणी वेळेवर देतात तीही हीच माणसं, जाहिरात देतात तीही हीच. खाजणातून, म्हणजे खाडीकाठच्या दलदलीच्या जमिनीतून, आलेला माणूस कचेरीच्या पायरीपर्यंत येतो आणि परत जातो. त्याच्या बाजूची बातमी दाबली जात नाही, ती मुळी आत येतच नाही. आम्ही ज्या अंकांवर खूश असायचो त्यांतलेही कित्येक असेच एका बाजूच्या पायरीवरून भरलेले होते, हे मला फार उशिरा कळलं, आणि त्याचं वाईट आजही वाटतं.

हीच अडचण याआधी मोठ्या पातळीवर बाबासाहेब आंबेडकरांना आली होती. 31 जानेवारी 1920 रोजी त्यांनी ‘मूकनायक’ काढलं. शाहू महाराजांनी त्यासाठी अडीच हजार रुपयांची मदत केली होती. त्या पत्राची पैसे देऊन छापायची जाहिरातसुद्धा ‘केसरी’ने घेतली नव्हती. दुसऱ्याच्या कागदात आपल्याला जागा मिळणार नाही, हा धडा महाराष्ट्रातल्या चळवळींनी तेव्हाच घेतला होता. आणि चरीचा या परंपरेशी थेट संबंध होता. कोकण प्रांत शेतकरी संघात पाटलांच्या जोडीला असलेले भाई अनंत चित्रे हे 1927च्या महाडच्या सत्याग्रहातले कार्यकर्ते. महाड याच कुलाबा जिल्ह्यातलं. 16 डिसेंबर 1934 रोजी बाबासाहेब स्वतः चरीला आले आणि तिथल्या शेतकरी परिषदेचं अध्यक्षपद त्यांनी भूषवलं.

म्हणजे 1934 अखेर गाऱ्हाणं होतं, पुढारी होते, संघटना होती, पत्र कसं चालवायचं हे माहीत असलेली माणसंही संपर्कात होती. तरी पत्र नव्हतं.

चार वर्षं कशात गेली

पहिलं उत्तर कायद्यात आहे. हे उत्तर कोरडं वाटेल, पण लहान पत्र मरतं ते बहुतेक वेळा अशा कोरड्या जागीच.

1867च्या छापखाने व पुस्तक नोंदणी कायद्याप्रमाणे छापखाना ठेवणाऱ्याने, तसंच पत्राच्या मुद्रकाने आणि प्रकाशकाने मॅजिस्ट्रेटपुढे जाऊन जाहीरनामा, म्हणजे डिक्लेरेशन, करावं लागे. अंकावर मुद्रक कोण, प्रकाशक कोण, कुठे छापलं हे छापणं सक्तीचं. 1922च्या दुरुस्तीपासून संपादकाचं नावही. आज आपण शेवटच्या पानाच्या तळाशी बारीक टायपात जी ओळ बघतो तिचं मूळ तिथे आहे. ती ओळ म्हणजे पोलिसांना घराचा पत्ता देणं होतं.

त्यावर 1931चा वृत्तपत्र आणीबाणी अधिकार कायदा आला. सविनय कायदेभंगाच्या काळातला. या कायद्याने मॅजिस्ट्रेटला नव्या छापखान्याकडून आणि नव्या पत्राच्या प्रकाशकाकडून एक हजार रुपयांपर्यंत जामीन मागता येई. सरकारला आक्षेपार्ह वाटेल असं काही छापलं की जामीन जप्त, आणि पुढचा जामीन त्याहून मोठा. आता ही रक्कम संपावर असलेल्या कुळाच्या बाजूने बघा. संपामुळे पीक न घेतलेल्या पंचक्रोशीतून, मोळ्या विकून आलेल्या आण्यांतून, नुसतं पत्र काढायची परवानगी म्हणून हजार रुपये सरकारजमा करून ठेवायचे. अजून कागद घेतलेला नाही, छपाईचा खिळा घेतलेला नाही. आणि ज्या मॅजिस्ट्रेटने जामिनाचा आकडा ठरवायचा तो जिल्ह्याच्या त्याच प्रशासनाचा भाग, ज्याने चरीच्या सभेआधी पाटील आणि चित्रे यांच्यावर भाषणबंदी घातली होती.

1933 किंवा 1934मध्ये पत्र काढलं असतं तर दोन-चार अंकांत ते आणि त्यात गुंतलेला सगळा पैसा गेला असता. पत्र काढायला उशीर झाला असं आपण म्हणतो. माझ्या मते तेवढं थांबणं हाच या प्रकरणातला सगळ्यात शहाणा निर्णय होता.

दुसरं उत्तर राजकारणात. 1935च्या भारत सरकार कायद्याने मतदारांची संख्या बरीच वाढली. फेब्रुवारी 1937मध्ये प्रांतिक निवडणुका झाल्या, 1 एप्रिलपासून प्रांतिक स्वायत्तता लागू झाली, 19 जुलैला मुंबई प्रांतात बाळासाहेब खेरांचं काँग्रेस मंत्रिमंडळ आलं. आंबेडकरांच्या स्वतंत्र मजूर पक्षाचा गट विधिमंडळात बसला, आणि 17 सप्टेंबर 1937 रोजी त्यांनी खोती नष्ट करण्याचं विधेयक मांडलं. तोवर चरीच्या कुळाने बोलायचं कुणाशी, तर खोताशी आणि कलेक्टरशी. दोघांचंही मत पक्कं झालेलं. 1937 साली पहिल्यांदा असा कुणी तयार झाला ज्याला मतं हवी होती आणि ज्याला छापील पुराव्याने अडचणीत आणता येत होतं. जामिनाचा फासही त्या वर्षात सैल झाला. नव्या मंत्रिमंडळांनी पत्रांकडून घेतलेले जामीन परत करायला सुरुवात केली.

संपकाळात एकजूट टिकवायला सभा पुरते. शपथ, दवंडी, एकमेकांवर नजर एवढ्यावर गाव धरून ठेवता येतं. पण मुंबईतल्या मंत्र्याने, आमदाराने, त्याच्या चिटणिसाने काही वाचावं असं वाटत असेल तर कागद लागतो. तारखेचा, पुन्हा काढून दाखवता येईल असा. म्हणून ‘कृषीवल’ला दोन वाचक होते असं मी मानतो. एक खारेपाटातला, जो स्वतःचं नाव शोधत होता. दुसरा मुंबईतला, ज्याच्या टेबलावर तो अंक पडायला हवा होता. 1933 साली यातला पहिलाच होता.

वर्गणी

तिसरं उत्तर पैशाचं, आणि इथे मला जरा थांबायचं आहे.

मराठीत ‘वर्गणी’ या शब्दाला दोन अर्थ आहेत. देवळाच्या जीर्णोद्धाराला, उत्सवाला, अडल्यानडल्याला गावाने मिळून काढायची ती वर्गणी. आणि वर्षभर अंक घरी यावा म्हणून आगाऊ भरायची तीही वर्गणी, ती भरणारा तो वर्गणीदार. शहरातल्या पत्राच्या हिशेबात हे दोन अर्थ कधीच भेटत नाहीत. भांडवल एकाचं, वर्गणीदार दुसरे. ‘कृषीवल’ लोकवर्गणीतून निघालं तेव्हा ते दोन्ही अर्थ एकाच पावतीवर आले. ज्याने पत्र उभं राहावं म्हणून पैसे दिले तोच पुढे अंक घेणार होता.

याचा व्यवहारातला परिणाम फार मोठा आहे. नव्या स्थानिक पत्राचं सगळ्यात धोक्याचं वर्ष पहिलं नसतं, दुसरं असतं. पहिल्या वर्षी कौतुकाने वर्गणी येते. दुसऱ्या वर्षी नूतनीकरणाच्या वेळी कार्ड पाठवा, माणूस पाठवा, लोक ‘देतो की’ म्हणतात आणि देत नाहीत. आमच्या साप्ताहिकाचं हेच झालं. आम्ही आधी कर्ज काढून मशीन आणलं, जागा घेतली, मग वाचक शोधायला निघालो. हप्ता दर महिन्याला यायचा आणि वर्गणी वर्षातून एकदा, तीही अर्धी. शेवटी जाहिरातीसाठी ज्यांच्या दारात जावं लागलं त्यांच्याविरुद्ध एक ओळ लिहायची सोय उरली नाही. पत्र बंद पडायच्या बऱ्याच आधी ते आतून संपलेलं होतं.

चरीत क्रम उलटा झाला. आधी 25 गावं बांधली गेली, चार वर्षं एकत्र उपाशी राहिली, कोण शब्दाला जागतो आणि कोण फुटतो हे एकमेकांना कळलं. मग त्या गावांनी पत्र काढलं. अंक निघण्याआधीच वर्गणीदारांची यादी तयार होती, आणि ती कुठल्याही फिरत्या माणसाने पावतीपुस्तक घेऊन केलेली नव्हती, संपाने केलेली होती.

तुलनेला दोन पत्रं घेतो. ‘मूकनायक’ 1923पर्यंत जेमतेम तगलं. ‘बहिष्कृत भारत’ 3 एप्रिल 1927ला सुरू झालं आणि 1929ला थांबलं. त्याचे चोवीस चोवीस रकाने बाबासाहेबांना एकट्याला लिहून काढावे लागत. लेखणी अशी की तिला तोड नाही, तरी पत्र टिकलं नाही, कारण वाचक सगळ्या प्रांतात विखुरलेला, गरीब, आणि प्रत्येकापर्यंत अंक टपालानेच पोचवायचा. उलट मुकुंदराव पाटलांचं ‘दीनमित्र’ 1910पासून नगर जिल्ह्यातल्या खेड्यातून निघायचं, आधी सोमठाणे आणि मग तरवडी, आणि ते अर्धशतकाहून जास्त चाललं. ‘कृषीवल’ या दुसऱ्या घरातलं. खेड्यांसाठी निघणारं, आपल्या वाचकाला नावाने ओळखणारं. त्याचे वाचक एका तालुक्यात, एकमेकांच्या बांधाला बांध लागून. अंकाचा गठ्ठा एखाद्या गावात टाकला की तो पायी चालत पुढच्या गावात जाणार. संपादकाच्या प्रतिभेपेक्षा अंतराचा हा हिशेब जास्त मोलाचा ठरला, असं माझं ठाम मत झालं आहे.

खिळे, कागद आणि पावसाळा

आज एका संगणकावर अंक लागतो, त्यामुळे तेव्हाच्या कामाची कल्पना येणं अवघड आहे. म्हणून त्या काळच्या जिल्ह्याच्या साप्ताहिकाचा आठवडा कसा जायचा ते थोडक्यात.

मजकूर हाताने जुळवायचा. शिशाचे खिळे, म्हणजे सुटी अक्षरं, केसमधून, म्हणजे खणांच्या पेटीतून, एकेक उचलून जुळारी ओळ बांधायचा. इंग्रजीला जिथे एक-दोन केस पुरतात तिथे देवनागरीला जोडाक्षरं, काने, मात्रा, वेलांट्या, रफार धरून खिळ्यांचे शेकडो प्रकार लागायचे. एखादं अक्षर कमी पडलं की शब्द बदलायचा. जुळाऱ्याला संपादकाइतकीच भाषा यावी लागे. ओळी गॅलीत, गॅलीवरून प्रूफ, प्रूफ वाचून दुरुस्ती, मग पानाचा फर्मा, म्हणजे जुळवलेल्या ओळींची चौकट, आवळून मशीनवर. अंक निघाला की फर्मा सोडून सगळे खिळे पुन्हा आपापल्या घरात टाकायचे, कारण पुढच्या अंकाला तेच लागणार.

खिळे, शाई, कागद सगळं मुंबईहून. अलिबागला रेल्वे नव्हती, आजही नाही. मुंबईचा रस्ता पाण्यावरून, रेवस किंवा धरमतरच्या बाजूने. पावसाळ्यात दर्या खवळला की समोर मुंबई दिसत असून माल अडायचा. किनाऱ्यावरच्या गावातल्या पत्राला म्हणून कागदाचा साठा मृगाच्या आधी भरून ठेवावा लागतो, म्हणजे चार महिन्यांचे पैसे एकदम बाहेर काढावे लागतात, आणि नेमका तोच काळ वर्गणीदाराच्या हाती पैसा नसण्याचा. पेरणी-लावणीत कुळाच्या घरी काय असणार? भाताचं पीक घरात आल्यावर, दिवाळीनंतर, पैसा फिरू लागतो. शेतकऱ्यांच्या पत्राचं आर्थिक वर्ष असं भाताबरोबर चालतं, आणि संपाच्या काळात तर भातच नव्हतं.

वाचता न येणाऱ्यांचं पत्र

1931च्या जनगणनेत देशातल्या दहातल्या एकालाही लिहिता-वाचता येत नव्हतं. खारेपाटातल्या कुळांमध्ये प्रमाण याहून बरं असण्याचं काही कारण नाही. मग छापील कागद कुणासाठी?

हा प्रश्न आज वाटतो तेवढा तेव्हा अडचणीचा नव्हता, कारण वाचणं ही एकट्याने करायची गोष्ट नव्हती. गावात पोथी वाचली जायची तसंच पत्र. शाळेत गेलेला एखादा पोरगा किंवा मास्तर देवळात, चावडीवर, कुणाच्या ओटीवर वाचणार आणि बाकीचे ऐकणार, मध्ये थांबवणार, ‘हे असं झालं नव्हतं’ म्हणून दुरुस्त करणार. एका अंकाचे वाचक त्या ओटीवर मावतील तेवढे. त्यामुळे खपाच्या आकड्यावरून अशा पत्राचा प्रभाव मोजता येत नाही.

पण याने लिहिणाऱ्यावर एक बंधन येतं. कानाने वाचल्या जाणाऱ्या मजकुरात लांबलचक, आत आत शिरणारी वाक्यं चालत नाहीत. आणि ऐकणाऱ्यांतले चौघे घटनेच्या वेळी तिथे हजर असतात, त्यामुळे फुगवून लिहिलेलं त्याच संध्याकाळी उघडं पडतं. शहरातल्या वाचकाला पत्र जे सांगतं ते मानण्यावाचून मार्ग नसतो. गावातला वाचक पत्राला तपासतो. ओटीवरच्या त्या दुरुस्त्या म्हणजे स्थानिक पत्रकारितेतलं सगळ्यात कडक संपादन.

नावाबद्दल एक खटकणारी गोष्ट इथेच सांगतो. ‘कृषीवल’ हा संस्कृत शब्द, अर्थ शेतकरी. ज्यांच्या बोलीत हा शब्द कधी आला नसेल त्यांच्या पत्राला हे नाव का? सरळ ‘कूळ’ किंवा ‘शेतकरी’ का नाही? मला आधी यात शिकलेल्यांच्या भाषेची छाप दिसायची. आता वेगळं वाटतं. खोताच्या तोंडी कूळ हा शब्द हुकमतीचा होता. त्याच माणसाला, त्याच कामासाठी, पोथीतला भारदस्त शब्द लावून मोठ्या टायपात पानाच्या डोक्यावर छापणं, यात एक मान आहे. जे नाव ओटीवर वाचताना वाचणाऱ्याची जीभ आधी अडखळली असेल, ते पुढे तालुक्यातल्या प्रत्येकाच्या तोंडी बसलं. आज रायगड जिल्ह्यात ‘कृषीवल’ म्हटलं की शब्दकोश लागत नाही.

बाजूचं पत्र

या प्रकरणावर घेतला जाणारा गंभीर आक्षेप असा: हे पत्र मुळात एका पक्षाचं होतं. चळवळीच्या पुढाऱ्याने चळवळीसाठी काढलेल्या कागदाला वृत्तपत्र म्हणावं की प्रचारपत्र?

आक्षेप उडवून लावण्यासारखा नाही. पुढाऱ्याच्या हाती पत्र असलं की पुढाऱ्याच्या चुका त्यात येत नाहीत. संपातून फुटून खोताकडे परत गेलेल्या कुळाचीही काही बाजू असते, घरात लहान मूल आजारी असतं, आणि त्या बाजूला अशा पत्रात न्याय मिळणं कठीण. लहान गावात तर हे जास्तच टोचतं, कारण ज्याच्याबद्दल लिहिलं तो माणूस दुसऱ्या दिवशी बाजारात समोर येतो. पुढे ‘कृषीवल’ची ओळख शेतकरी कामगार पक्षाशी जोडली गेली आणि पाटलांच्या घराण्यातच ते राहिलं. तेव्हापासून हा प्रश्न त्याला चिकटून आहे.

तरी 1937पुरता माझा कौल स्पष्ट आहे. ज्या जिल्ह्यात एकच बाजू छापली जाते तिथे मधोमध उभं राहायला जागाच नसते. आधी दुसरी बाजू छापावी लागते, मग मध्य कुठे आहे ते दिसतं. जे पत्र आपली बाजू उघडपणे मस्तकावरच्या नावातच सांगतं, त्याच्याकडून वाचकाची फसवणूक होत नाही. मला भीती वाटते ती निःपक्षपातीपणाचं नाव घेऊन एकाच पायरीवरून भरल्या जाणाऱ्या अंकांची. तसे अंक मी स्वतः भरलेले आहेत.

पुढे

10 जानेवारी 1938 रोजी मुंबईच्या कौन्सिल हॉलवर हजारो शेतकऱ्यांचा मोर्चा गेला, त्यात कोकणातली कुळं होती. खोतीच्या विधेयकाला काँग्रेसचं बहुमत अनुकूल नव्हतं आणि ते मार्गी लागलं नाही. पण चरीकडे दुर्लक्ष करणं सरकारला जमेना. महसूलमंत्री मोरारजी देसाई यांनी या वादात लक्ष घातलं आणि 1939मध्ये संप मिटला. त्याच वर्षीच्या मुंबई कूळ कायद्यात ‘संरक्षित कूळ’ ही कल्पना आली. खोती नष्ट करणारा कायदा 1949ला झाला. त्याआधी 1948चा कूळकायदा आला, आणि त्याच्याच दुरुस्तीने 1 एप्रिल 1957 हा कृषकदिन ठरून कसणारा जमिनीचा मालक झाला. ज्या नोंदीसाठी चरी उपाशी राहिली ती नोंद सातबाऱ्यावर चढायला इतका काळ गेला.

यातलं किती श्रेय पत्राचं? कायदे एका साप्ताहिकाने होत नाहीत. तशी बढाई मारली तर ती 25 गावांच्या उपासावर अन्याय ठरेल. पत्राने केलं ते काम लहान आणि नेमकं होतं: चरीत काय चाललंय हे चरीच्या बाजूने लिहून ठेवणं आणि दर आठवड्याला ते पुन्हा समोर आणणं. मंत्र्याला एकदा विसरता येतं, दर आठवड्याला विसरणं जड जातं.

संप मिटल्यावर मात्र ‘कृषीवल’समोर नवीच अडचण आली असणार, जी चळवळीतून निघालेल्या प्रत्येक पत्रासमोर येते. ज्या एका बातमीसाठी पत्र काढलं ती बातमी संपली. मग अंकात काय भरायचं? अशा वेळी बहुतेक पत्रं एक-दोन वर्षांत मिटतात, किंवा जुन्या लढ्याच्या आठवणींवर जगू लागतात. ‘कृषीवल’ साप्ताहिकाचं दैनिक झालं आणि आजही अलिबागहून निघतं. खारेपाटात लिहायला विषय कधी संपत नाहीत. बांध कुणी दुरुस्त करायचा, खांड गेली तर भरपाई कोण देणार, खारभूमीचा निधी कुठे अडला, खाजणावर कुणाचा डोळा आहे, कुणाच्या सातबाऱ्यात कुणाचं नाव शिरलं. उधाण दर अमावास्या-पौर्णिमेला येतं आणि बांधाची बातमी त्याच्याबरोबर.